लुक्लाच्या उतरत्या धावपट्टीवर

मैत्रिणींनो, विमानात चढायच्या आधी आपल्यालाच पिशवीसकट काट्यावर उभं केलं तर कसं वाटेल? नेपाळात रामेछापच्या विमानतळावर पहाटे साडेपाचला माझ्यावर तो प्रसंग आला. मागे रांगेत वीस-पंचवीस माणसं, पुढे काटा, आणि काट्याशेजारचा मुलगा आकडा मोठ्यांदा वाचून वहीत लिहून घेतोय! वजन लपवायची आपली सवय तिथं चालत नाही. मी लाजेनं अर्धी झाले. पण काट्याला त्याचं काही नव्हतं.

माझ्या सामानात पाच किलो जास्त भरले. तुम्ही ओळखलंच असेल, लाडू आणि चिवडा. मोठी पिशवी दहा किलो आणि हातातली पाच, एवढीच मुभा. "अहो, जरा सांगा ना त्यांना," असं मी ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, "अगं, ही काय लाल गाडी आहे?" शेवटी चिवड्याचा डबा आम्हांला आणणाऱ्या ड्रायव्हरदादांच्या हातात दिला. ते खूश झाले. मी मात्र विमान सुटेपर्यंत हळहळत होते.

आता ही सगळी यातायात कशासाठी, ते सांगते. ह्यांच्या ऑफिसातल्या मंडळींनी २०२३ च्या एप्रिल-मे महिन्यात नामचेबाजार आणि खुमजुंगपर्यंत पायी जायचा बेत केला. एव्हरेस्टवर नव्हे हो, एव्हरेस्ट दिसतं तिथवर! आम्ही दहाजण, त्यांत चार बायका. मी अर्धवेळ शिक्षिका. शाळेला सुट्टी लागलेली. पाचवीच्या मुलांना हिमालय शिकवताना नकाशावर नुसतं बोट फिरवायचं, तो एकदा डोळ्यांनी बघावा, अशी फार दिवसांची इच्छा होती. मुलांना सांभाळायची जबाबदारी सासूबाईंनी आनंदानं घेतली. फक्त एकच गोष्ट त्यांनी निघताना दोनदा सांगितली. "दोघं एका विमानानं जाऊ नका गं. घरी दोन लेकरं आहेत."

मी हसून सोडून दिलं. दहाजणांची तिकिटं एकत्र काढलेली, त्यात आम्ही दोघं वेगळे कसे बसणार? पण ते वाक्य मनात रुतून बसलं खरं.

नामचेची पायवाट सुरू होते लुक्लापासून. हंगामात काठमांडूच्या विमानतळावर फार गर्दी होते, म्हणून लुक्लाची बहुतेक विमानं रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सोडतात. म्हणजे मध्यरात्री काठमांडू सोडायचं, चार-पाच तास वळणावळणाच्या रस्त्यानं पोटातलं पाणी ढवळून घ्यायचं, आणि उजाडताना तामाकोशी नदीच्या काठावरच्या त्या छोट्याशा विमानतळावर उतरायचं. तिथून आकाशातला प्रवास जेमतेम वीस मिनिटांचा. विमान म्हणजे आपली मिनीबसच. मधल्या वाटेनं वाकून जायचं. वैमानिक आणि आपल्यात दार नाही. त्यांचे हात, समोरची घड्याळं आणि काचेपलीकडचे डोंगर, सगळं दिसतं. हवाईसुंदरीनं कानात घालायला कापूस आणि चघळायला गोळी दिली. शेजारच्या वहिनींनी गोळी तोंडात टाकली आणि माझा हात जो धरला, तो उतरेपर्यंत सोडला नाही.

आणि मग समोर काचेत धावपट्टी दिसली. डोंगराच्या अंगाला चिकटपट्टी लावावी तशी, आणि तीही तिरकी! पट्टीच्या वरच्या टोकाला डोंगराची भिंत, खालच्या टोकाला दरी. चाकं टेकली, विमान चढावर धावत गेलं, उजवीकडे वळून थांबलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात थरथरत होते, ते टाळ्यांत लपून गेलं.

ह्या धावपट्टीबद्दल थोडं सांगायलाच हवं. लुक्ला आहे २,८४५ मीटर उंचीवर. धावपट्टीची लांबी अवघी ५२७ मीटर. मुंबईच्या मोठ्या धावपट्टीची लांबी तीन किलोमीटरहून अधिक आहे, म्हणजे तुलना करा. एवढ्याशा लांबीत खालच्या आणि वरच्या टोकात साठेक मीटरचा फरक, जवळजवळ वीस मजली इमारतीएवढा. मला आधी वाटलं, जागा मिळाली नाही म्हणून तशीच तिरकी ठेवली असेल. ते काही अंशी खरंही आहे. पण त्या उताराचा उपयोग आहे. उतरताना विमान चढावर येतं, त्यामुळे वेग लवकर कमी होतो. निघताना उतारावरून धावतं, त्यामुळे वेग लवकर मिळतो. आणि तो मिळावाच लागतो, कारण त्या उंचीवर हवा विरळ. समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे तीनचतुर्थांश दाट. विरळ हवेत आपल्याला धाप लागते, तशी विमानाच्या एंजिनालाही लागते, आणि पंखांना उचलून धरायलाही हवा कमी पडते. म्हणून तर तो काटा! माझ्या पाच किलो लाडू-चिवड्याचा हिशेब तिथं होता.

उतरायचं फक्त खालून वर, आणि उडायचं फक्त वरून खाली. उतरताना चुकलं तर पुन्हा वर उठून फेरी मारून यायची सोय नाही, समोर डोंगर आहे. उडताना ठरावीक जागेपुढे गेलं की थांबायची सोय नाही, समोर दरी आहे. ढग आले की काम बंद, कारण वैमानिकाला धावपट्टी स्वतःच्या डोळ्यांनी दिसावी लागते. दुपारी वारा सुटतो, म्हणून बहुतेक विमानं सकाळीच.

ही धावपट्टी एडमंड हिलरींनी १९६४ साली शेर्पांच्या मदतीनं बांधली. तेनसिंगबरोबर १९५३ साली एव्हरेस्ट चढून आल्यावर त्यांनी त्या भागात शाळा आणि दवाखाने काढायचं मनावर घेतलं. सामान नेण्यासाठी विमान उतरायची जागा हवी होती. सपाट जमीन शेतकऱ्यांना सोडवेना, तेव्हा ही उतरती जमीन विकत घेतली. माती घट्ट बसावी म्हणून शेर्पांना एकत्र करून त्यावर पाय आपटत नाच करायला लावला, असं सांगतात. आपल्याकडे नव्या घराची जमीन चोपणीनं चोपायची ना, तसंच! डांबर पडलं २००१ साली. आज विमानतळाला तेनसिंग आणि हिलरी अशी दोघांची नावं आहेत.

खुमजुंगची शाळा बघायची मला सगळ्यांत जास्त ओढ होती. १९६१ सालची ही शाळा. हिरव्या छपरांचं गाव, पटांगणात हिलरींचा पुतळा, पाठीमागे खुंबिला डोंगर. सुट्टीच्या घंटेला मुलं जी बाहेर पळाली, ती अगदी आमच्या शाळेसारखीच. पण त्याच वाटेवर मला एक गोष्ट कळली, ती पाठ्यपुस्तकात नाही.

शेजारच्या कुंडे गावी हिलरींनी १९६६ साली दवाखाना काढला. त्या गावाच्या वरच्या टेकाडावर तीन छोर्तेन आहेत, दगडी स्मारकं. एक हिलरींचं. दुसरी दोन कुणाची, म्हणून मी वाटाड्याला विचारलं. ती त्यांच्या पत्नीची आणि धाकट्या मुलीची. लुईस आणि बेलिंडा. १९७५ साली हिलरी फाफलू इथं दवाखाना बांधत होते. ३१ मार्चला लुईस आणि सोळा वर्षांची बेलिंडा काठमांडूहून लहान विमानानं त्यांच्याकडे यायला निघाल्या. विमानानं जमीन सोडली आणि थोड्याच वेळात कोसळलं. दोघीही गेल्या. विमान उभं असताना पंखांचे हलते भाग वाऱ्यानं आपटू नयेत म्हणून खीळ घालून ठेवतात. ती उड्डाणापूर्वी काढायची राहिली होती, असं त्या अपघाताबद्दल पुढे सांगितलं गेलं.

एक खीळ! मी तिथं दगडावर बसूनच राहिले. फाफलूला तो माणूस आकाशाकडे कान लावून वाट बघत असेल. ज्यांच्यासाठी दवाखाना बांधायचा त्या शेर्पांनाच त्याच्या दुःखात त्याला धीर द्यावा लागला असेल. पुढे किती वर्षं तो माणूस मनानं खचलेला होता. तरी फाफलूचा दवाखाना पुरा झाला. काम त्यांनी सोडलं नाही. २००८ साली ते गेले, आणि आता त्या टेकाडावर तिघांची स्मारकं शेजारी शेजारी आहेत.

हे म्हणाले, "चल, वारा सुटलाय." मी म्हटलं, "आईंचं म्हणणं बरोबर होतं." त्यांना काय ते कळलं. ते काहीच बोलले नाहीत.

परत लुक्लाला आलो तेव्हा पायांत गोळे आणि मनात घर. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला विमान. पण पहाटे खिडकी उघडली तर समोर पांढरं फटक. डोंगर नाही, धावपट्टी नाही, काही नाही. नऊ वाजले, अकरा वाजले. दुपारी सांगितलं, आज रद्द. तिसऱ्या दिवशी धाकट्या लेकीचा वाढदिवस, मी येईन म्हणून कबूल केलेलं. दुसऱ्या दिवशीही तेच. दहा वाजता ढग जरा विरळ झाल्यासारखे वाटले, तेव्हा मला राहवेना. खिडकीवरच्या मुलाला मी चांगलंच सुनावलं. "पलीकडचा डोंगर दिसतोय की! तुम्ही लोक प्रयत्नच करत नाही." वर्गात मुलांना बोलते त्या आवाजात बोलले. माझ्यामागे आणखी चारपाच जण ओरडायला लागले. तो मुलगा मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत राहिला.

आम्ही उतरलो होतो त्या लॉजची मालकीण, पन्नाशीची शेर्पा बाई. सगळे तिला दीदी म्हणत. स्वयंपाकघरात चुलीशी बसायची मला मुभा होती. ती बटाट्याची भाकरी भाजत होती, तिला ते रिगी कुर म्हणतात. किसलेले बटाटे, पीठ, आणि वर याकचं लोणी. आपल्या थालीपिठाची बहीणच. मी तिच्याजवळ त्या मुलाची तक्रार केली. तिनं ऐकून घेतलं. मग उलथण्यानं खिडकीबाहेर दाखवलं. धावपट्टीच्या कडेला कुंपण, कुंपणापलीकडे हेलिकॉप्टरची जागा.

"तिथं झालं होतं, बहिनी," ती म्हणाली. "नव्या वर्षाच्या दिवशी."

१४ एप्रिल २०१९. नेपाळी पंचांगाचा वर्षारंभ. हवा ठीक होती. एक छोटं दोन एंजिनांचं विमान लुक्लाहून परत निघालं होतं. वरच्या टोकाला उभं राहून उतारावर धावायला लागलं, आणि सुरुवातीलाच उजवीकडे वळलं. धावपट्टी सोडून, कुंपण तोडून ते हेलिकॉप्टरच्या जागेत घुसलं आणि उभ्या हेलिकॉप्टरांवर आदळलं. तिघेजण गेले. विमानातले सहवैमानिक, आणि तिथं कामावर उभे असलेले दोन पोलीस. चौकशीत निघालं ते असं, की उजव्या एंजिनाचा दांडा एकाएकी मागे सरकला, त्याची ताकद कमी झाली आणि डाव्याची तशीच राहिली. बैलगाडीचा एक बैल थबकला आणि दुसरा ओढतच राहिला तर गाडी जशी फिरते, तसं विमान फिरलं. उड्डाण वेळीच सोडून दिलं गेलं नाही. दांडा का सरकला, ते चौकशीतही पक्कं ठरलं नाही.

"सकाळ चांगली होती, तरी झालं," दीदी म्हणाली. "ढगात उडायला का सांगता? इथं राहिलेला माणूस घरी उशिरा पोचतो. एवढंच ना?"

भाकरी तव्यावर फुगली होती. तिनं ती माझ्या ताटात टाकली. मी खाली मान घालून खाल्ली. संध्याकाळी मी त्या मुलाकडे गेले आणि उरलेले चार लाडू त्याला दिले. तो म्हणाला, "रोज सगळेच ओरडतात, मॅडम." एवढंच म्हणाला आणि लाडू खायला लागला.

तिसऱ्या दिवशी आकाश लख्ख. भोंगा वाजला की खालून विमान येतंय असं समजायचं. त्या दिवशी भोंग्यावर भोंगे. दोन दिवसांचे लोक साचलेले. वजनाचा हिशेब करून आमच्यातल्या सहाजणांना पहिल्या विमानात जागा मिळाली. मी त्यात होते. हे नव्हते. त्यांना नंतरचं विमान.

पाहा हं! निघताना सासूबाईंनी सांगितलं होतं तेच आता आपोआप घडत होतं, आणि मला ते नको झालं. "मी तुमच्याबरोबरच येते," मी म्हटलं. "अगं, लेकीचा वाढदिवस आहे ना? तू पुढे हो." त्यांनी माझी पिशवी उचलून दिली. लोकांसमोर काय बोलणार? मी त्यांच्या कोटाची वरची गुंडी लावली आणि निघाले.

विमान वरच्या टोकाला उभं राहिलं. वैमानिकानं एका कागदावर बोट ठेवून एकेक गोष्ट वाचली, शेजारच्यानं हात लावून उत्तर दिलं. पुन्हा पुढची. येताना हे मी बघितलंही नव्हतं. आता एकेक बोट मोजत होते. उजव्या हाताला ते कुंपण, पलीकडे एक लाल हेलिकॉप्टर. चाकं ब्रेकवर धरलेली, एंजिनं पूर्ण जोरात, सगळं विमान जात्यासारखं घरघरतंय. मग एकदम सुटलं. मी मनात आकडे मोजले. धावपट्टी संपत आली, दरी दिसली, चौदा म्हणेपर्यंत खडखड थांबली. आम्ही हवेत होतो आणि दूधकोशी खाली पांढऱ्या दोऱ्यासारखी वाहत होती.

रामेछापला उतरले, पण बाहेर पडले नाही. तारेच्या कुंपणाला धरून उभी राहिले. एक विमान आलं, त्यात हे नव्हते. दुसरं आलं, त्यात नव्हते. मग कुणी म्हणालं, वर वारा सुटलाय, ढग चढताहेत. अर्धा तास गेला. फोन लागेना. वहिनींनी चहा आणला, तो हातातच निवला. मला राहून राहून फाफलूच्या त्या माणसाची आठवण येत होती.

साडेअकराला फोन वाजला. ह्यांचाच. "ऐक, आमचं आज रद्द झालं. उद्या येईन. दीदीकडेच मुक्काम."

मैत्रिणींनो, दोन दिवस ज्या शब्दावर मी भांडत होते, तोच शब्द. पण तो ऐकून मी तिथं उन्हात खालीच बसले आणि हसायला लागले, डोळ्यांतून पाणी. घरी फोन लावला. सासूबाईंनी पहिल्या घंटेलाच उचलला. "आलात का गं दोघं?" "मी आले. त्यांचं विमान रद्द झालं, उद्या येतील." पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाल्या, "बरं झालं." आणि लेकीला हाक मारली.

मीही घरी गेले नाही. वाढदिवस चुकला. त्या रात्री मंथलीच्या एका साध्या लॉजमध्ये डासांच्या सोबतीनं राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातच्या विमानातून हे उतरले, दाढी वाढलेली, हातात कागदात बांधलेली बटाट्याची भाकरी. दीदीनं माझ्यासाठी दिलेली. आम्ही ती भिंतीशी बसून दोघांत खाल्ली.

तुमच्यापैकी कुणी जाणार असाल तर चार गोष्टी सांगून ठेवते. परतीच्या तिकिटाच्या अलीकडे किमान दोन मोकळे दिवस ठेवा, आणि घरी मुलांना तारीख कबूल करू नका. सामान घरीच तोलून घ्या. रद्दीवाल्याचा ताणकाटा पुरतो. चिवडा थोडाच न्या, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं चालेल. विमानासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा, आधार कार्डावर विसंबू नका. सकाळचं पहिलं विमान मागा. आणि खिडकीवरच्या माणसानं "आज नाही" म्हटलं, तर चुलीशी जाऊन बसा आणि भाकरी करायला शिका. कृती मी आणली आहे. बटाटे कच्चेच किसायचे, पाणी पिळून टाकायचं नाही, आणि पीठ त्यात मावेल तेवढंच घालायचं. आमच्या घरी आता दर रविवारी होते.